मानाचा विडा आणि हॅशमॅप

देवासच्या तोडकरांची कल्पना धारच्या खलाट्यांकडे सून म्हणून आली, तेव्हा दोन्ही घरांमधले अंतर इंदूरला एकदा बस बदलण्याइतकेच होते. याखेरीज आणखीही काही अंतर आहे, आणि ते कोणत्याच तिकिटावर छापलेले नसते, हे तिला लग्नानंतर वर्षभराने कळले. दसऱ्याच्या संध्याकाळी, भरल्या बैठकीत, सगळ्या भाऊबंदांच्या देखत कळले.

तिचे वडील अशोक तोडकर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इस्लामपूरहून देवासला आले ते गिअर तयार करणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून. वसाहतीत डावीकडे केरळचे, उजवीकडे उज्जैनचे, समोर बिहारचे शेजारी. त्यामुळे गल्लीत हिंदी, बाजारात माळवी आणि मराठी फक्त ताटावर बसल्यावर, अशी घरातल्या भाषांची वाटणी झालेली होती. कल्पना हिंदी शाळेत शिकली. मराठी ती भरभरून बोले. वाचायची वेळ आली की मात्र ओळीवर बोट ठेवून सावकाश पुढे जाई. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, गावोगाव संगणकाच्या क्लासचे फलक लागत होते तेव्हा, देवासच्या अशाच एका क्लासमध्ये ती आधी शिकली आणि मग तिथेच शिकवू लागली. तिचा विषय जावा, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा. आणि जावामधला तिचा गाजलेला धडा होता हॅशमॅपचा.

हॅशमॅप ही वस्तू समजावून सांगायला तिने वडिलांच्या कारखान्यातली कँटीन वर्गात आणली होती. कँटीनमध्ये एक लांब लोखंडी मांडणी होती. सकाळी येणारा प्रत्येक जण मोकळी दिसेल त्या जागी आपला डबा ठेवी. डब्यावर नावाची पट्टी चिकटवलेली असे. दुपारी खिडकीशी जाऊन नाव सांगायचे, की डबा हातात. ‘पट्टीवरचं नाव ही की,’ कल्पना सांगे, ‘आणि आतली भाजी ही व्हॅल्यू. दोन्ही स्ट्रिंगच, म्हणजे अक्षरांची माळ. पुट म्हणजे डबा ठेवणं, गेट म्हणजे नाव सांगून डबा मागणं. आणि ज्यानं डबा आणलाच नाही त्याचं नाव सांगितलं तर मिळतं नल. लक्षात ठेवा, नल म्हणजे रिकामा डबा नाही. डबाच नाही!’

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, ‘मॅडम, किसी दूसरे का नाम बोल के डबा ले गए तो?’

‘तो प्रोग्राम सही है भिया,’ कल्पना फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाली, ‘चोर तू है.’

या दृष्टांतात एक गोष्ट गृहीत होती, आणि गृहीत असल्यामुळेच ती कधी उच्चारली गेली नाही. त्या मांडणीवर वरची जागा कोणाची आणि खालची कोणाची असा काही हिशेबच नव्हता. मॅनेजरचा डबा झाडूवाल्याच्या डब्याला टेकून असे आणि दोघांपैकी कोणाचेही वरण त्यामुळे नासत नसे.

दोन हजार तीन साली रणवीर खलाट्यांशी तिचे लग्न झाले. रणवीर धारच्या एका विमा कार्यालयात नोकरीला, मितभाषी आणि सज्जन. खलाट्यांचे पूर्वज संस्थानच्या दरबारात कसल्याशा फडावर, म्हणजे कचेरीत, होते. संस्थान गेले, फड गेला. कुटुंब आता बसस्टँडमागच्या सिमेंटच्या दुमजली घरात राहत होते आणि खालच्या दोन गाळ्यांत साड्यांचे दुकान होते. दरबारातून या घरात काय आले असेल तर ती भाषा. घरात कोणी कोणाला नावाने हाक मारीत नसे. सासरे मानाजीराव हे आबासाहेब, सासूबाई आईसाहेब, आणि आबासाहेब स्वतःविषयी बोलताना ‘आम्ही’ म्हणत. पहिल्या आठवड्यात कल्पनाला वाटले होते की ते कायम आपल्याबरोबर आणखी कोणाला तरी घेऊन फिरतात.

दुकानाशेजारी एक खोली मात्र वेगळी होती. तिला बैठक म्हणत. रस्त्याकडे स्वतंत्र दार, भरपूर उजेड, लांबलचक गादी आणि तक्के. ही बैठक वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडे. बाकीचा काळ तिथे तक्केच बसत. कल्पनाने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिने नकळत भिंतीवरचे विजेचे प्लग मोजले. धारची मुले जावा शिकायला रोज इंदूरला हेलपाटे घालीत होती. देवासचा क्लास बंद पडताना तिने तिथले काही जुने संगणक विकत घेऊन माहेरी पोत्यांत बांधून ठेवले होते. तिला क्लास काढायचा होता आणि जागा समोर होती.

‘बैठकीत परके लोक?’ आबासाहेबांनी विचारले.

‘परके नाही आबासाहेब, स्टुडंट असतील.’

‘म्हणजे परकेच. बघू.’

खलाट्यांच्या घरात ‘बघू’ या शब्दाचे आयुष्य फार मोठे असे. एखादे ‘बघू’ दोन पिढ्यांनाही पुरून उरे. पण या खेपेस गणोजींमुळे ते लवकर संपले.

दसऱ्याच्या संध्याकाळी, सोने लुटून झाल्यावर, बैठकीत पानसुपारी होई. भाऊबंद जमत. प्रत्येक मानकऱ्याच्या किताबाने खणखणीत हाक पडे, तो पुढे येई, आणि आबासाहेब त्याचा मान त्याला देत: कोणाला शेला, नारळ आणि विडा, कोणाला नारळ आणि विडा, कोणाला नुसताच विडा. हाक मारण्याचे काम गणोजींच्या घराण्याकडे होते. गणोजी बसडेपोतून निवृत्त झालेले. आवाज अजून फलाटावरचाच होता, स्मरणाने मात्र त्यांच्याआधी राजीनामा दिला होता. मागच्या दसऱ्याला त्यांनी तीन वर्षांपूर्वी वारलेल्या काकासाहेबांना हाक मारली. कोणी उठेना म्हणून पुन्हा मारली. तेव्हा काकीसाहेबांनी पदर डोळ्यांना लावला आणि गणोजींनी तिथल्या तिथे हात जोडून रजा घेतली.

‘सूनबाई,’ आबासाहेब पुढच्या भाद्रपदात म्हणाले, ‘आपल्या त्या यंत्राला हाका लक्षात ठेवता येतील काय? कोण, आणि त्याचा मान काय, इतकंच.’

‘अगदी सोपं आहे आबासाहेब. त्याच्यासाठीच तर बनलंय ते.’

‘मग ऐका. दसरा नीट पार पडला तर बैठक तुमची. काही वेडंवाकडं झालं, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.’

अशा रीतीने कल्पनाचा सगळा क्लास एका हॅशमॅपवर येऊन टेकला.

आबासाहेब झोपाळ्यावर बसून सांगू लागले आणि ती टंकू लागली. त्या संगणकावर देवनागरी धड उमटत नसे, म्हणून सगळे किताब रोमन अक्षरांत बसवावे लागले. ‘इंग्रजीत आम्ही जरा रोडच दिसतो,’ आबासाहेब पडद्यावर वाकून म्हणाले. की म्हणून किताब, व्हॅल्यू म्हणून मान. सगळे भरून झाल्यावर तिने हॅशमॅपला विचारले की आत किती जण आहेत, तर आकडा सांगितलेल्या मानकऱ्यांपेक्षा कमी निघाला. माणसे गळाली होती. कुठे, ते तिला लगेच कळले.

‘आबासाहेब, आपल्याकडे काकासाहेब किती आहेत?’

‘किती म्हणजे? काकासाहेब एकच. ते वारले.’

‘आणि मगाशी शेला-नारळ सांगितलात ते?’

‘ते देवासचे काकासाहेब.’

‘आणि नुसता विडा?’

‘ते खातेगावचे.’

‘म्हणजे तीन झाले ना!’

‘तीन कसे होतील? काकासाहेब म्हटलं की आमचेच काकासाहेब. एवढं ज्याला कळत नाही तो या घरातला नव्हे.’

‘मशीन या घरातलं नाहीच ना आबासाहेब,’ कल्पना म्हणाली. ‘त्याला एका नावाचा एकच डबा ठेवता येतो. दुसरा त्याच नावानं ठेवला, की पहिला गायब. बोलत पण नाही की गायब केला म्हणून. देवासच्या काकासाहेबांचा शेला गेला, आता तिथे खातेगाववाल्यांचा नुसता विडा आहे.’

आबासाहेबांना यंत्राचे हे वागणे मुळीच आवडले नाही. तरी एखाद्याचा मान असा न बोलता गिळणारे लोक दरबारात असत असे त्यांनी वडिलांकडून ऐकले होते, त्यामुळे फारसे आश्चर्यही वाटले नाही. कल्पनाने प्रत्येक किताबापुढे गाव जोडले. काकासाहेब देवास, काकासाहेब खातेगाव, भाऊसाहेब सोनकच्छ. सांगण्याच्या ओघात सवयीने आलेल्या, वारलेल्या काकासाहेबांना काढायला तिने रिमूव्ह लिहिले, तेव्हा आबासाहेबांनी आधी नमस्कार केला आणि मग म्हणाले, ‘हं, आता काढा.’

आणखी एक गंमत त्या काळच्या जावात होती. हॅशमॅपमधून बाहेर आलेली कोणतीही वस्तू आधी नुसती ऑब्जेक्ट, म्हणजे ‘काहीतरी’, असे. ती स्ट्रिंग आहे हे दर खेपेला लिहून बजावावे लागे. ‘म्हणजे माझ्यासारखं,’ कल्पना रणवीरला म्हणाली. ‘धारमध्ये कुठेही जा, आधी सांगावं लागतं की मी खलाट्यांची सून आहे. त्याशिवाय कोणी ओळखतच नाही.’ रणवीरने उत्सुकतेने स्वतःचे नाव विचारून पाहिले. यजमानांच्या मुलाला मान नसतो. पडद्यावर नल आले. ‘ठीकच आहे,’ तो म्हणाला आणि दुकानाचे शटर पाहायला गेला.

कल्पनाने एकेक किताब विचारून पाहिला. प्रत्येकाचा मान बरोबर आला. मग लूप चालवून सगळे एकामागून एक काढून पाहिले. सगळे आले, संख्या जुळली. ती निश्चिंत झाली. इथेच तिची चूक झाली. आणि गंमत अशी की हॅशमॅप घातलेला क्रम पाळत नाही, हे ती स्वतः दर वर्षी फळ्यावर लिहीत असे. पण आबासाहेबांनी विचारले होते ‘कोण आणि काय’, आणि तिने दिले होते कोण आणि काय. ‘आधी कोण’ हे आबासाहेबांनी सांगितले नाही, कारण त्यांनी ज्या ओळीने नावे घेतली ती ओळ हेच त्यांचे सांगणे होते. तिने विचारले नाही, कारण कँटीनच्या मांडणीपाशी असा प्रश्न कोणाच्या मनात आला नसता. दोघांनीही आपापल्या घरातली सर्वांत उघड गोष्ट उच्चारायची शिल्लक ठेवली होती.

आता या क्रमाचे महत्त्व सांगायला हवे. खलाट्यांच्या दोन पात्या, म्हणजे घराण्याच्या शाखा, थोरली आणि धाकटी. पहिला विडा थोरल्या पातीच्या दादासाहेब कृष्णरावांचा. मग थोरली पाती संपेपर्यंत, तिचे जावईसुद्धा संपेपर्यंत, धाकट्या पातीने वाट पाहायची. धाकट्या पातीचे प्रमुख भाऊसाहेब उदाजीराव सोनकच्छला धान्याचे व्यापारी होते. मंडीत त्यांच्या शब्दावर सोयाबीनचा भाव हले. बैठकीत मात्र काल लग्न झालेला थोरल्या पातीचा जावई त्यांच्याआधी उठे. म्हणून कित्येक वर्षे त्यांनी दसऱ्याला यायचेच सोडले होते. या वर्षी ते आले. हाका संगणक मारणार असे कळले होते, आणि फजिती पाहायला ते कुठेही जात.

दसऱ्याला शस्त्रांबरोबर संगणकाचीही पूजा झाली. मॉनिटरला हळदकुंकू, माउसला झेंडूचे फूल. दादासाहेब कृष्णराव पहिल्या तक्क्याला टेकून बसले होते. त्यांना ऐकू येत नसे, पण कधी उठायचे ते पाठ होते. गणोजींच्या जागी बसलेल्या रणवीरने कळ दाबली आणि पडद्यावर उमटलेला किताब, तो कोणाचा हे लक्षात यायच्या आधीच, मोठ्याने वाचून टाकला.

‘भाऊसाहेब, सोनकच्छ!’

बैठकीत कोणी हलले नाही. दादासाहेब सवयीने अर्धे उठले होते, त्यांना कोणीतरी सदरा ओढून खाली बसवले. दारापाशी उभ्या कल्पनाला आधी वाटले, वीज गेली. मग कळले की गेले आहे ते दुसरेच काही. रणवीर तिच्याकडे पाहत होता. ती आबासाहेबांकडे. आणि सगळी बैठक आबासाहेबांकडे.

मानाजीराव खलाट्यांना आयुष्यात अनेक गोष्टी जमल्या नव्हत्या. पण आपल्या छपराखाली आपल्या हुकमाशिवाय काही घडले असे चारचौघांत कबूल करणे ही त्यांतली सर्वांत न जमणारी गोष्ट होती. त्यांनी शेल्याची घडी उचलली.

‘या भाऊसाहेब,’ ते म्हणाले. ‘आम्हीच तसं सांगितलं आहे.’

उदाजीराव उठले. कुत्सित असे एक वाक्य त्यांनी सोनकच्छहून घोकून आणले होते. ते मध्येच कुठे तरी राहून गेले. ‘आबा...’ एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. शेला घेताना नारळ निसटला आणि गादीवर गडगडत गेला. तो शोधायला दोन्ही पात्या एकदमच वाकल्या, आणि त्या गोंधळात पुढचे किताब पुकारले जाऊ लागले. खातेगाव, मग एक जावई, मग देवास, मग पुन्हा धाकटी पाती. दर हाकेनंतर लोक आबासाहेबांकडे पाहत आणि आबासाहेब, जणू प्रत्येक नाव आपणच निवडले आहे अशा समाधानाने, मान डोलवीत. दादासाहेब कृष्णरावांची हाक सर्वांत शेवटी आली. त्यांनी विडा घेतला, पाठीमागे आवराआवर करणारी मंडळी पाहिली आणि आनंदाने म्हणाले, ‘आज लवकर आटोपलं!’

मंडळी जेवायला बसल्यावर आबासाहेब स्वयंपाकघरात आले. त्या घरात ते स्वयंपाकघरात येत नसत, त्यामुळे आईसाहेबांच्या हातातला झाराच थांबला.

‘सूनबाई, हे काय झालं?’

‘चूक माझीच आहे, आबासाहेब. मी तुम्हाला क्रम विचारलाच नाही.’

‘क्रम? क्रम विचारायचा असतो?’

‘आमच्याकडे विचारावा लागतो,’ कल्पना म्हणाली. ‘हॅशमॅप नावावरून काही आकडेमोड करतो आणि त्याला बरं पडेल तिथे ठेवतो. नाव सांगा, मान बरोबर देईल. पण पहिला कोण विचारलं, तर त्याला काही माहीत नसतं.’

‘म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं?’

‘नाही, तसं पण नाही. हीच नावं पुन्हा भरली तर बहुतेक असंच येईल. फक्त त्याचा अर्थ काही नाही.’

‘पुढच्या वर्षीही उदाजी पहिला?’

‘एक शब्द बदलला की झालं. मग ज्या क्रमानं भरलं त्याच क्रमानं बाहेर येईल.’

‘कोणता शब्द?’

त्या शब्दात काही गुपित नव्हते. हॅशमॅपच्या आधी ‘लिंक्ड’ जोडायचे, इतकेच. जावात ती सोय येऊनही दोन वर्षे झाली होती. पण आबासाहेबांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

‘राहू द्या,’ ते म्हणाले. ‘ज्या यंत्राला थोरलं-धाकटं कळत नाही त्याचा वर्ग आमच्या बैठकीत भरणार नाही. बोललो होतो आपण.’

कल्पनाने मान हलवली. वेडेवाकडे झाले तर विषय संपला, असे ठरले होते आणि वेडेवाकडे झाले होते. तिने पुऱ्यांचे ताट उचलले आणि पंगतीत वाढायला गेली. धाकट्या पातीला त्या दिवशी कोणीही पुऱ्या जास्त वाढल्या नाहीत; त्यांनी मागून घेतल्या.

सकाळी उदाजीराव चहाला हजर. रात्री ते धारमध्येच मुक्कामाला राहिले होते, हेही कित्येक वर्षांत घडले नव्हते. खांद्यावर कालचा शेला होता.

‘आबा, सोनकच्छला फोन करून सगळ्यांना सांगितलं,’ ते खुर्ची ओढत म्हणाले. ‘म्हटलं, आबांनी काल कमाल केली. मशीनचं नाव पुढे केलं आणि दोन्ही पात्या एक करून टाकल्या! मोठेपणा लागतो भिया याला. आपल्या बापजाद्यांना नसतं जमलं.’

आबासाहेबांनी बशीत चहा ओतला आणि बराच वेळ त्यावर फुंकर घातली.

‘आणि आणखी एक ठरलं माझं,’ उदाजीराव पुढे म्हणाले. ‘आमची नात किमया इथे कॉलेजला आहे, ठाऊकच आहे. रोज इंदूरला जाते क्लासला. कशाला? सूनबाई बैठकीत शिकवणार असं रणवीर म्हणत होता ना? पहिलं नाव तिचं लिहा.’

कल्पना दाराआड होती. तिला आबासाहेबांची पाठ दिसत होती आणि त्या पाठीत चाललेली आकडेमोडही दिसत होती. क्लास नाही म्हणावे तर का नाही ते सांगावे लागणार. का नाही ते सांगावे तर कालचा प्रकार हुकमाने झाला नव्हता हे उघड होणार. आणि ते उघड झाले की उदाजीच्या खांद्यावरचा शेला चुकीने पडलेला ठरणार. तिन्ही दारे बंद होती. चौथे रस्त्याकडे उघडत होते.

‘दिवाळी झाली की सुरू करायचंच आहे,’ आबासाहेब म्हणाले. ‘आम्हीच तसं सांगितलं आहे.’

आईसाहेब आतून म्हणाल्या, ‘काल स्वयंपाकघरात सांगितलंत तेच ना?’

‘तेच,’ आबासाहेब म्हणाले.

तुळशीचे लग्न झाल्यावर देवासहून पोती आली. अशोक तोडकर स्वतः टेम्पोत पुढे बसून आले, तक्के माळ्यावर चढवले, टेबले मांडली आणि विजेच्या तारा इतक्या सरळ ओढल्या की शेजारचे दुकानदारही पाहायला आले. फक्त खुर्च्या आबासाहेबांनी मांडून घेतल्या. पहिली ओळ थोरल्या पातीच्या मुलांची, दुसरी धाकट्या पातीची, तिसरी परक्यांची.

पहिल्या दिवशी कल्पनाने वर्ग पाहिला आणि हात जोडून म्हणाली, ‘आबासाहेब, एक विचारायचं राहिलं होतं मागच्या वेळी, म्हणून आता आधीच विचारते. इथे क्रम कोणता?’

आबासाहेबांनी मांडलेल्या ओळींकडे एकदा पाहिले. दसऱ्यापासून तिने हा शब्द त्यांच्यासमोर पहिल्यांदाच काढला होता.

‘वर्ग तुमचा आहे,’ ते म्हणाले. ‘तुम्ही सांगा.’

‘जो आधी येईल, तो पुढे बसेल.’

‘बस्स? कोणीही?’

‘कोणीही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी किमया पळतपळत आली तेव्हा वर्गाचे दार उघडे होते आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या खुर्चीवर, फेटा बांधून, नवी वही मांडीवर घेऊन आबासाहेब बसले होते.

‘आबाआजोबा, ती माझी खुर्ची आहे!’

‘आधी कोण आलं?’

‘तुम्ही. पण तुम्हाला काय करायचंय जावा शिकून?’

‘ते आमचं आम्ही पाहू. शेजारी बसा.’

किमया कुरकुरत दुसऱ्या खुर्चीवर बसली. मुले आली, मागच्या ओळी भरल्या, आणि थोरली-धाकटी-परकी अशी सगळी सरमिसळ होऊन गेली. कल्पनाने फळ्यावर तारीख लिहिली आणि वळली. पहिल्या खुर्चीतला हात वर होता.

‘मॅडम,’ आबासाहेब म्हणाले, ‘तो बदलायचा शब्द आज येणार का?’